लेकीसाठी आकड्यांचं पुस्तक घेताना

आम्ही नारायणगडच्या बचत गटांकडून बोलतोय.

आपल्या कितीतरी लेकी गणित टळावं म्हणून जीवशास्त्र घेतात. पुढं बी.एस्सी.ला संख्याशास्त्र आडवं येतंच. मग पोरगी म्हणते, "मला नाही जमायचं," आणि घरात लग्नाचा विषय निघतो. पण पुष्कळदा पोरगी कच्ची नसते, पुस्तक तिच्या कामाचं नसतं. म्हणून पैसे द्यायच्या आधी ते चाळून बघायचं.

आधी सरासरीचा धडा उघडा. समजा, एका वस्तीवरच्या पाच जणींचं हिमोग्लोबिन 12, 12, 12, 12, 12 आलं. दुसऱ्या वस्तीवर 8, 9, 13, 15, 15. सरासरी दोन्हीकडं 12च. पण दुसरीकडं दोघींना रक्त कमी आहे आणि सरासरीनं त्यांना झाकून टाकलं. आकडे सरासरीपासून किती लांब पांगलेत ते मोजतात, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. जे पुस्तक नुसतं सूत्र देतं आणि ते कशासाठी हे सांगत नाही, ते ठेवून द्या. गाईडं बहुतेक अशीच असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री ठीक.

मग उदाहरणं बघा. महाजनांचं 'मेथड्स इन बायोस्टॅटिस्टिक्स' वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आहे. नर्सिंग किंवा लॅबकडं जाणारीला ते जवळचं वाटेल. शेतीकडं जाणारीसाठी पानसे आणि सुखात्मे यांचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' आहे, 1954 सालचं. यातले पांडुरंग सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे. विम्यासाठी आपल्या शिवारात पीक कापणी प्रयोग होतो ना? चिठ्ठी टाकल्यासारखा प्लॉट निवडायचा, तेवढंच कापून वजन करायचं. ही पद्धत देशात बसवण्यात या दोघांचा मोठा वाटा. पुस्तक मात्र जड आहे. पहिलंच म्हणून नको, सोपं एक झाल्यावर घ्यावं.

ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, आणि मराठी शाळेतली पोर तिथंच अडते. तिला वहीत शब्द लिहून ठेवू द्या: मीन म्हणजे सरासरी, मीडियन म्हणजे मध्यक, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे प्रमाण विचलन.

विकत घेण्याआधी कॉलेजच्या लायब्ररीतून आठ दिवस आणा. तिला एक सोडवलेलं गणित वाचायला सांगा, मग पुस्तक मिटून तसंच दुसरं करू द्या. मागं उत्तरं छापलेली हवीत. घरी तपासून द्यायला आपण कुठं शिकलोय! अभ्यासक्रमाशी जुळतं का, ते तिनं सरांना नाहीतर मॅडमना विचारावं.

आणि एकटीनं भार घेऊ नका. गटातल्या दोघी-तिघींच्या मुली एकाच वर्षाला असतील तर मिळून एकच घ्या. वर्ष संपलं की ते गटाच्या पेटीत ठेवा, रजिस्टरला नोंद करून.