उकरलेला रस्ता आणि नागरिकांचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गांत जमीनधारणा, सहकार, धरणग्रस्तांचे पुनर्वसन या विषयांवर नेहमी चर्चा होते. गल्लीतला रस्ता, त्याखालचे गटार आणि त्याच्या शेजारून जाणारा पाण्याचा नळ हा विषय मात्र नगरसेवकाच्या किरकोळ कामांत जमा धरला जातो. ही समजूत समाजवादी चळवळीच्या इतिहासाशी विसंगत आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात 1910 साली एमिल सायडेल हे समाजवादी महापौर निवडून आले, आणि पुढे डॅनिएल होन यांनी 1916 पासून 1940 पर्यंत तेच पद सांभाळले. सांडपाण्याची व्यवस्था, शुद्ध पाणी, सार्वजनिक बागा आणि आरोग्य यांवर त्यांच्या कारभाराचा भर होता. पोथीनिष्ठांनी त्यांची 'गटार-समाजवादी' म्हणून टर उडवली. तेथील कार्यकर्त्यांनी त्या शब्दाची लाज बाळगली नाही. आपल्याकडे मूळच्या कटगुणच्या घराण्यातील जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर पालिकेचा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला, तो हा पैसा गरिबांच्या गरजांसाठी आहे याच भूमिकेतून.

सातारा आणि सांगली ही दोन शहरे या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवतात. सातारा डोंगराच्या कुशीत वसलेले. यवतेश्वराच्या बाजूने खापरी नळांतून उताराने पाणी आणून ते पेठापेठांतील हौदांत सोडण्याची जुनी परंपरा या शहराला आहे. कासच्या तलावाचे पाणीही उताराच्याच बळावर शहराकडे येते. सांगली कृष्णाकाठची, सपाट आणि काळ्या मातीची. पाणी उचलायचे ते कृष्णेतून, आणि शेरीनाल्याचे सांडपाणी जाऊन मिळते तेही कृष्णेलाच. ते सांडपाणी धुळगावकडे वळवून शेतीला देण्याची योजना वर्षानुवर्षे रखडत गेली. साताऱ्यात चर खणताना मुरूम आणि कातळ आडवा येतो. सांगलीत खणलेला चर वरून बुजवला तरी पहिल्याच पावसात काळी माती फुगते, खचते आणि रस्ता पुन्हा बसतो. शामरावनगरसारख्या सखल भागातील रहिवाशांना हे कोणा अभियंत्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गेल्या काही वर्षांत दोन्ही शहरांत मोठी कामे झाली. साताऱ्यात पोवई नाक्यावरील भुयारी मार्गाचे काम 2018 मध्ये सुरू झाले आणि 2021 च्या जानेवारीत तो वाहतुकीस खुला झाला. भुयारी गटार योजनेसाठी पेठांतील रस्ते उकरले गेले. 2020 मध्ये शहराची हद्द वाढली आणि शाहूपुरी, विलासपूर यांसारख्या वस्त्यांना नळ, गटार आणि रस्ते पुरवण्याची जबाबदारी पालिकेवर आली. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची 1998 मध्ये एकच महानगरपालिका झाली. तेथेही ड्रेनेजच्या कामाने रस्त्यांना वर्षानुवर्षे स्वस्थता लाभली नाही. ही कामे नकोत असे कोणताही विचारी माणूस म्हणणार नाही. तक्रार वेगळी आहे. आपल्या दारासमोर काय होणार, केव्हा होणार, किती दिवस चालणार आणि नंतर रस्ता पूर्ववत कोण करणार, हे रहिवाशाला कोणी सांगत नाही. सकाळी यंत्राचा आवाज येतो तेव्हा त्याला खोदाईची वार्ता कळते.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा सामाजिक खर्चाचा प्रश्न आहे. पिगू यांनी 1920 मध्ये आणि विल्यम कॅप यांनी 1950 मध्ये दाखवून दिले, की उत्पादकाच्या हिशेबवहीत न दिसणारा खर्च समाजातील दुसऱ्याच कोणाला तरी सोसावा लागतो. खोदाईच्या निविदेत घनमीटरमागे मातीकामाचा दर असतो, मीटरमागे नळाचा दर असतो. चर उघडा राहिल्यामुळे गिऱ्हाईक न फिरकलेल्या किराणा दुकानाचे नुकसान मात्र त्यात कोठेच नसते. हातगाडी उभी करायला जागा न उरलेल्या भाजीवालीची बुडालेली मिळकत, वळसा घालून जाणाऱ्या रिक्षावाल्याचे इंधन, खड्ड्यात पडून मोडलेल्या हाडाचा दवाखाना, यांपैकी काहीही त्यात मांडलेले नसते. पंधरा दिवसांचे काम तीन महिने लांबले, तर तो वाढीव खर्च ठेकेदारावर पडत नाही, खात्यावरही पडत नाही. तो गल्लीवर पडतो. ज्याला विलंबाची किंमत मोजावी लागत नाही, त्याला घाई कशासाठी असेल?

म्हणूनच पूर्वसूचनेला महत्त्व आहे. काम सुरू होण्याची व संपण्याची तारीख चारचौघांत जाहीर झाली, की ती खात्याची रहिवाशांप्रत झालेली बांधीलकी ठरते. ती चुकली तर जाब विचारता येतो आणि करारातील दंडाचे कलम लागू करा असे म्हणता येते. तारीख फायलीत दडून राहिली, तर मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय हा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी मोठी टाकी आणि कूपनलिका आहे, तो चार दिवस नळ बंद राहिला तरी निभावून नेतो. जिच्या घरी दोन घागरी आहेत, त्या मोलकरणीला पाणी येणार नाही हे आदल्या दिवशी कळले असते तर तिने भरून ठेवले असते. न कळल्यामुळे तिची रोजी बुडते. माहितीचा अभाव हा गरिबांवरचा एक अदृश्य करच होय.

याहून गंभीर बाब आरोग्याची आहे. सांडपाण्याचा आणि पिण्याच्या पाण्याचा नळ आपल्या जुन्या गल्ल्यांत हातभर अंतरावरून जातात. खोदताना नळाला धक्का बसतो, सांधा निखळतो. पुरवठा बंद असताना नळातील दाब उतरतो आणि बाहेरचे मैलायुक्त पाणी आत ओढले जाते. गळक्या नळात सांडपाणी शिरले म्हणजे काय होते, हे शेजारच्या इचलकरंजीने 2012 मधील काविळीच्या साथीत जीव गमावून अनुभवले. एखाद्या गल्लीत काम झाल्यावर पहिल्या दिवसाचे पाणी उकळून प्या, एवढी सूचना द्यायला कितीसा खर्च येतो?

कायदा या बाबतीत मुका नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, आणि बाराव्या अनुसूचीत रस्ते, पाणीपुरवठा व मलनिःसारण यांचा उल्लेख आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम त्याहून थेट आहे. लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची संबंधित वस्तुस्थिती कोणी न मागता प्रसिद्ध करावी, आणि माहिती प्रसारित करताना स्थानिक भाषा व त्या भागातील प्रभावी माध्यम विचारात घ्यावे, असे ते सांगते. एखाद्या नागरिकाने अर्ज केल्यावर तीस दिवसांनी निविदेची प्रत मिळणे ही या कलमाची पूर्तता नव्हे. तोवर चर बुजलेलाही असतो.

पूर्वसूचनेची व्यवस्था करणे शासनाला अवघड आहे असेही नाही. 2023 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाची व्यवस्था सुरू केली. खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि जमिनीखालच्या तारा व वाहिन्यांच्या मालकांना सावध करावे, हा तिचा हेतू. हेतू योग्यच आहे. परंतु तिच्यामागची दृष्टी ध्यानात घ्या: खोदाईची आगाऊ वार्ता केबलच्या मालकाला मिळावी यासाठी राष्ट्रीय पातळीवर योजना होते, त्याच खोदाईच्या काठावर राहणाऱ्या माणसाला ती मिळावी याची चिंता कोणी वाहत नाही. मालमत्तेला जी सूचना मिळते, ती माणसाला मिळू नये, ही आजच्या विकासनीतीची दिशा आहे.

अधिकारीवर्गाचे म्हणणे असते की पाऊस, कातळ, निधीचा हप्ता यांमुळे तारखा पाळता येत नाहीत, आणि आधी सांगितले तर लोक अडथळे आणतात. पहिल्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच तारीख एकदा सांगून थांबायचे नसते. ती बदलली तर बदलली असे कारणासह फलकावर लिहायचे असते. लोक विलंब समजून घेतात, अवहेलना समजून घेत नाहीत. दुसरे म्हणणे अर्धसत्य आहे. आपल्या दारात चेंबर नको म्हणून काम अडवणारे नागरिक आहेत, आणि त्यांना पाठीशी घालणारे पुढारीही आहेत. पण अशा अडवणुकीवरचा उपाय खुल्या बैठकीत नकाशा पसरून बसणे हाच असतो. गुपचूप खोदण्याने संशय वाढतो.

या साऱ्यात लोकप्रतिनिधींच्या अनुपस्थितीचीही भर पडली. साताऱ्यात 2021 च्या अखेरीस आणि सांगली-मिरज-कुपवाडमध्ये 2023 च्या ऑगस्टमध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार चालला. मते मागायला कोणी येणार नसेल, तर रस्ता का उकरला हे सांगायला तरी कोण येणार?

चराच्या काठावर उभे असलेल्यांबरोबर चरात उतरलेल्यांचाही विचार आपण केला पाहिजे. आधार न लावलेल्या खोल चरात माती कोसळते तेव्हा गाडला जातो तो कंत्राटी मजूर. हाताने मैला साफ करण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारात माणसे उतरवली जातात. अशा मृत्यूंसाठी तीस लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2023 मध्ये द्यावा लागला. खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मरण पावणाऱ्यांच्या कुटुंबांस सहा लाख रुपये द्यावेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2025 च्या ऑक्टोबरात बजावले. भरपाईचे आकडे ठरवण्याची वेळ न्यायालयांवर यावी, यातच नगरप्रशासनाचे अपयश आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. काम सुरू होण्याच्या किमान आठ दिवस आधी गल्लीत मराठी फलक लागावा; त्यावर कामाचे स्वरूप, रक्कम, ठेकेदाराचे व जबाबदार अभियंत्याचे नाव, आरंभ व समाप्तीची तारीख आणि पाणी बंद राहण्याच्या वेळा असाव्यात. प्रत्येक प्रभागात कामाआधी एक खुली बैठक व्हावी. पाणी, गटार, वीज आणि दूरसंचार यांचे एकत्रित वेळापत्रक ठरावे, म्हणजे डांबर ओले असतानाच दुसरे खाते कुदळ घेऊन येणार नाही. चर थराथराने दाबून बुजवल्याची आणि रस्ता पूर्ववत झाल्याची पाहणी रहिवाशांच्या समक्ष व्हावी, त्याशिवाय अंतिम देयक निघू नये.

या मागण्यांसाठी मोर्चा लागेल तेव्हा काढावा. त्याआधी प्रत्येक शाखेने एक गल्ली आणि एक वही घ्यावी. खोदाई कोणत्या दिवशी सुरू झाली, चर किती दिवस उघडा राहिला, पाणी केव्हा आले, कोणाचे काय नुकसान झाले, याची नोंद ठेवावी. अशा दहा वह्या पालिकेच्या टेबलावर ठेवल्या, तर त्यांना उडवून लावणे सोपे नाही. निविदेत न दिसणारा सामाजिक खर्च त्या वह्यांत दिसू लागेल.

याच भूमीत, तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात, 1943 ते 1946 या काळात प्रतिसरकार चालले. परक्या सत्तेच्या छायेत, शिक्षणापासून वंचित ठेवलेल्या शेतकऱ्यांनी गावासमोर बसून उघड न्यायनिवाडे केले. त्यांच्या नातवंडांना स्वतःच्या दारातल्या खोदाईची तारीख विचारायला संकोच वाटू नये. पुढच्या आठवड्यात शाखेत परताल तेव्हा पहिला उकरलेला रस्ता कोणता, हे शोधून वहीचे पहिले पान भरावे.