गिऱ्हाईक खूश झाल्यानंतर
(वसंत व्याख्यानमालेत मेहकर येथे दिलेले व्याख्यान)



दिवसभराचं ऊन सोसून, जेवणं लवकर उरकून तुम्ही आलात. वैशाखात आपल्या वऱ्हाडात रात्री आठनंतर माणूस अंगणात बाज टाकून पडतो. तो उठून इथं खुर्चीवर येऊन बसतो, म्हणजे बोलणाऱ्यानं जरा जपून बोलायला हवं. विषय दिलाय 'कलावंत कुणाला म्हणावं?' पुण्या-मुंबईत यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मेहकरात मात्र हे काम सोपं आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच गावात काळा कोट घालून कोर्टात जात होतं.

ना. घ. देशपांडे. नागोराव घनश्याम देशपांडे. जन्म १९०९ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या सेंदुरजनचा. वकिली मेहकरात. २००० साली गेले. इथल्या ज्येष्ठांनी त्यांना रस्त्यानं जाताना पाहिलंय, तेव्हा त्यांच्या आठवणी मी सांगण्याचा आगाऊपणा करत नाही. मी फक्त काही सालं तुमच्यापुढं ठेवतो. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि तिची तबकडी निघाली, ती तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला. मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण त्या तबकडीपासून सुरुवात करतात. आणि 'शीळ' नावाचा संग्रह कधी निघाला? १९५४ साली. कवी तेव्हा पंचेचाळिशीला आलेला. दुसरा संग्रह 'अभिसार' १९६३ चा. तिसरा 'खूणगाठी' थेट १९८५ चा, आणि त्याला पुढल्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकात बावीस वर्षं गेली. आजकाल चार ओळी सुचल्या की बावीस मिनिटं दम निघत नाही, लगेच फोनवर टाकतात. असो, मीही टाकतो.

त्या तबकडीचं जरा बघा. ७८ गतीची तबकडी, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावणार. म्हणजे रानातली शीळ कंपनीच्या मापात बसवायची होती. ती बसली आणि घरोघर गेली. लोकांचं समाधान झालं, कंपनीचं झालं. एखादा म्हणाला असता, चला, आपलं नाव झालं, आता अशाच पाडा पन्नास. ना. घं.नी तसं केलं नाही. पोटाला वकिली होती, त्यामुळे कवितेला चूल पेटवावी लागली नाही. ती आपल्या वेळानं आली.

आता दुसरं बघा. कलावंत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एक ठरीव माणूस येतो. वाढलेली दाढी, खांद्याला झोळी, बोलताबोलता हरवणारा, वेळ न पाळणारा, घरच्यांना जड झालेला. सिनेमानं हा माणूस फार पोसला. काही मुलं चित्र शिकायच्या आधी ती झोळी घेतात. मी चित्रकलेचा मास्तर होतो, तेव्हा दरसाल एक तरी पालक सांगायचा, "सर, आमचा बंडू गणितात कच्चा आहे, जरा आर्टिस्टिक आहे." जसं काही ते एखाद्या दुखण्याचं नाव! प्रेमकविता लिहिणारा सगळ्यात नाजूक हाताचा आपला कवी तारखा सांभाळत होता, अशिलांशी बोलत होता, गावात नांदत होता. स्वभावाचा आणि कलेचा असा काही करार झालेला नाही. तऱ्हेवाईक कलावंत असतात. तऱ्हेवाईक किराणा दुकानदारही असतात, पण त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

मग खूण कोणती? मला ती खामगावात दिसली.

खामगावची चांदी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. महालक्ष्म्यांच्या थोडं आधी तिथं एका कारागिराकडं बसलो होतो. तो मुखवटा घडवत होता. चांदीचा पत्रा राळेवर चिकटवलेला असतो. राळ तापवली की मऊ, निवली की घट्ट, पण ठोक्यासरशी किंचित दबणारी. तिचा असा आधार असतो म्हणून पत्रा फाटत नाही. आधी मागच्या बाजूनं ठोकून गाल, नाक, कपाळ उठवायचं. मग पत्रा सोडवायचा, पोकळीत राळ भरायची, उलटवायचा आणि पुढून बारीक काम करायचं. चांदी ठोकून ठोकून ताठर होते. ती वेळेवर तापवून मऊ केली नाही तर तडकते. कधी तापवायची हे तो बघून ठरवत नव्हता, हातोडीचा आवाज बदलला की त्याचा हात आपोआप थांबायचा. शेजारी छिन्न्यांचा हा ढीग, कुणाचं टोक गोल, कुणाचं चपटं, एकीचं तर तांदळाच्या दाण्याएवढं.

मुखवटा झाला होता. निदान मला तरी झालेला दिसला. ज्यांचा होता ते गृहस्थही तिथंच होते, त्यांनी हात जोडले, पिशवी पुढं केली. कारागिरानं मुखवटा उजेडाकडं धरला, डाव्या डोळ्याची पापणी अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाला, "उद्या न्या." गृहस्थ म्हणाले, "अहो, छान झालाय, चालतो." तर हा म्हणतो, "तुमाले चालते भाऊ, मले नाही चालत." आणि त्यानं ती पापणी तापवली, दाबून सपाट केली आणि पुन्हा सुरुवात केली. त्या जास्तीच्या कामाचा एक रुपया त्याला मिळणार नव्हता. मजुरी आधीच ठरलेली होती.

ते गृहस्थ निघून गेले, मी मात्र बसून राहिलो. दुपारनंतर ती पापणी खाली झुकली, तेव्हा कळलं काय बिघडलं होतं. आधीची देवी समोरच्याकडं टक लावून बघत होती. आता तिनं नजर किंचित खाली घेतली. देव्हाऱ्यात ती बसणार वर, माणसं बसणार खाली. आता ती माणसांकडं बघेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. गरज भागली, गिऱ्हाईक खूश झालं, पैसे ठरले, यानंतरही ज्याच्या मनात काम चालू राहतं तो कलावंत. त्याच्यापाशी दोन मापं असतात. एक जगाचं, दुसरं त्याचं स्वतःचं, आणि दुसरं जास्त कडक. ज्याच्यापाशी पहिलंच असतं तो चांगला कारागीर असू शकतो, त्याच्यावाचून गाव चालत नाही, त्याला मी कमी लेखत नाही. आणि ज्याच्यापाशी नुसतं दुसरंच असतं, त्याचं काम बहुधा पुरं होत नाही. तो जगाला नावं ठेवत फिरतो.

तुमच्या शारंगधर बालाजीकडं चला. १८८८ साली ही मूर्ती जमिनीखालून निघाली. काळा पाषाण, अकरा फुटांच्या आसपास उंची, भोवती दशावतार. साहेब ती विलायतेला नेणार अशी कुणकुण लागली आणि गावकऱ्यांनी घाईनं प्रतिष्ठा करून टाकली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती तशी नेली असती तर आज कुठल्या तरी काचेमागं, बाजूला एक पाटी घेऊन उभी राहिली असती. इथं तिला हार आहे, आरती आहे, नवस आहेत. गोष्ट गावाच्या धडाडीची म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. मला तिच्यात एक वेगळा प्रश्न दिसतो.

भक्तीला एवढ्या मोठ्या कामाची गरज होती का? आपल्या शिवाराच्या बांधावर शेंदूर फासलेला गोटा असतो. शेतकरी त्याच्यापुढं नारळ फोडतो आणि त्याची श्रद्धा बालाजीपुढल्या माणसापेक्षा तसूभर कमी नसते. देवाचं काम गोट्यावर भागतं. मग त्या पाथरवटानं एवढ्या कठीण दगडात बोटांची पेरं, दागिन्यांचे मणी, एकेक अवतार कशासाठी काढला? यजमानाला मोठी मूर्ती हवी होती हे खरं, त्यात यजमानाचा थाटही असणार. पण दशावतारातल्या एखाद्या छोट्या आकृतीच्या कमरेचा बाक बघा. तो यजमानानं मागितलेला नसतो, तो मागता येतच नाही. शेंदराच्या गोट्यापासून त्या बाकापर्यंतचं जे अंतर आहे, त्यातच आज रात्रीचा आपला विषय आहे.

लोणारचं दैत्यसूदन मंदिर तुम्ही पाहिलेलंच आहे. त्याचा आराखडा तारकेसारखा, भिंत सरळ जातच नाही, कोनाला कोन फुटत जातो. चार सरळ भिंतींनीही गाभारा झाकला असता आणि दगडही कमी लागला असता. पण आपल्याकडचं ऊन असल्या भिंतीवर पडलं की प्रत्येक कोनाची सावली निराळी पडते आणि दिवसभर सरकत राहते. ज्या उन्हाला आपण शिव्या देतो ते तिथल्या स्थपतीनं कामाला लावलं.

आता मागच्या रांगेतून कुणीतरी मनात म्हणत असेल, हे सगळं पोट भरल्यावरचं. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसात भिजलं, आणि हा मास्तर पापण्यांवर बोलतोय. आक्षेप रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात तर त्याला हसून वेळ मारून नेता येत नाही. सदानंद देशमुखांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ ची, तिला अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही, शेती परवडत नाही, घरात रोज कुरकुर. हे सगळं तुम्हाला कादंबरी न वाचताही माहीत आहे. मग ती वाचून काय मिळतं? आकडे हवे असतील तर कृषी खात्याच्या अहवालात मिळतील. देशमुख त्या घरातल्या भांडणाच्या आतमध्ये जाऊन बसले. कलेचा आणि सुंदर वस्तूंचा संबंध आपण फार घट्ट लावून घेतलाय. दुःख नेमकं सांगणं हेही त्याच कडक मापाचं काम आहे, आणि तिथं 'चालतंय' म्हणून सोडून देण्याचा मोह जास्त असतो, कारण दुःखाच्या गोष्टीला लोक दाद लवकर देतात.

शिवाय पोट भरल्यावरच कला येते हेही तितकं खरं नाही. मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवरच्या जुन्या बंजारा बायांची कांचळी, म्हणजे चोळी, आठवा, फेटिया, म्हणजे घागरा, आठवा. आरसे, कवड्या, रंगीत दोरा, एकही बोटभर जागा मोकळी नाही. पिढ्यान्‌पिढ्या बैलांमागं चालत, मीठ नि धान्य वाहत जगलेल्या या समाजाकडं घर नव्हतं. भिंत नव्हती म्हणून सगळं अंगावरच आलं. अंग झाकायचं तर साधा धडपा पुरला असता. पोटात खड्डा असलेल्या बाईनं आरशाभोवतीचा टाका का उसवला आणि का पुन्हा घातला, हे पोटाच्या हिशोबात बसत नाही.

एक प्रश्न मात्र मला स्वतःला छळतो, तो नकलेचा. नक्कल करणारा कलावंत असतो का? त्या कारागिराचा मुखवटा काही त्याच्या मनातून उगवला नव्हता, नमुना बापजाद्यांचा. घाटापलीकडं अजिंठ्याला रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत बसला. कितीतरी वर्षं. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सनी विद्यार्थ्यांना घेऊन ते काम नव्यानं केलं. त्यातल्याही पुष्कळ नकला १८८५ च्या आगीत गेल्या. दोन वेळा राख! आता ज्या उरल्या त्या बघायला अभ्यासक जातात, कारण मधल्या काळात भिंतीवरचे रंगही झडले. या माणसांनी नवं काही काढलं नाही. पण दुसऱ्याच्या रेषेपुढं वर्षानुवर्षं स्वतःला लहान करून बसणं, आणि आपल्या हाताला रोज म्हणणं की अजून ती रेष आली नाही, हे मला एखाद्या स्वयंभू झोळीवाल्यापेक्षा कलेच्या जास्त जवळचं वाटतं. तुम्हाला पटत नसेल तर नंतर भांडू.

शेवटी शाळेकडं येतो, कारण समोर पालक बरेच आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आपल्या मुलांना आपण हौसेनं देववतो. हौस किती आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी किती, तो हिशोब तुमचा तुम्ही करा. त्यात स्मरणचित्र असतं. विषय येतो 'जत्रा' किंवा 'आठवडी बाजार'. जिल्ह्याच्या कुठल्याही केंद्रावर जा, एकच जत्रा भरलेली असते. मागं दोन डोंगर, मधून देवळाचं शिखर, पुढं फुगेवाला आणि सगळ्या बायका पाठमोऱ्या. पाठमोऱ्या का, तर चेहरा काढावा लागत नाही. हे क्लासमध्ये घोटून घेतलेलं असतं. तपासणाऱ्याचं समाधान होतं, ग्रेड मिळते. त्या मुलाच्या गावातल्या बाजारात डोंगर नसतोच.

एका पोरानं बाजारात तराजूच्या काट्याकडं संशयानं बघणारी म्हातारी काढली होती. समोरून. हात अगदी बिघडलेले, बोटं मुळ्यासारखी. पण नजर बरोबर काट्यावर. त्याला खालची ग्रेड मिळाली आणि नियमानं ती बरोबरच होती, मीही तेवढीच दिली असती. दुसऱ्या दिवशी तो वर्गात तेच चित्र पुन्हा काढत होता. परीक्षा होऊन गेली होती, गुण लागून गेले होते, आणि हा आपला बोटं खोडतोय.

तेव्हा पालकांनो, मुलाला परीक्षेला बसवा, गुणही घ्या, उपयोगी पडतात. फक्त परीक्षेनंतर तो काय करतो तिकडं जरा लक्ष असू द्या. त्यानं चांगलं दिसणारं चित्र टराटरा फाडलं, तर कागदाच्या किमतीवरून त्याला बोलू नका. पाठकोरे कागद झेरॉक्सच्या दुकानात किलोवर मिळतात.