शिक्षा रविवारी कोण राबवणार?



1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सामुदायिक सेवा ही शिक्षा प्रौढ गुन्हेगारांसाठीही कायद्यात आली. कल्पना जुनीच. 1978च्या दंडसंहिता दुरुस्ती विधेयकात ती होती. लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळले. आज ती सहा गुन्ह्यांना लागू आहे. त्यांतले आपल्या न्यायालयांत नेहमी दिसणारे दोन: दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी केलेला धिंगाणा आणि पाच हजारांहून कमी किमतीची चोरी. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत झाली असेल, तर कलम 303 नुसार सामुदायिक सेवाच द्यायची. पण किती तास, कुठे, हजेरी कोण मांडणार, याबाबत संहिता गप्प आहे. इंग्लंडने 1972च्या कायद्यातच किमान 40 आणि कमाल 240 तास लिहून टाकले होते.

ही पोकळी भरायला आपल्याकडे हटकून झाडू पुढे येतो. पोलीस ठाण्याचे आवार झाडा, रुग्णालयाचा व्हरांडा पुसा. मला हे खटकते. जे काम सफाई कामगार आयुष्यभर पोटासाठी करतो, तेच आपण दुसऱ्याला सजा म्हणून सुनावतो. त्या कामगाराच्या मुलाने यातून काय समजायचे? ज्या समाजात झाडू जातीने हातात दिला गेला, तिथे न्यायाधीशांनी तो शिक्षा म्हणून देताना दहा वेळा विचार करावा.

दुसरी अडचण पोटाची. किरकोळ चोरीत सापडणारा माणूस बहुधा रोजंदारीवरचा असतो. सोमवार ते शुक्रवार त्याला फुकट राबवले तर घरची चूल विझेल आणि त्याला पुन्हा चोरीकडे ढकलल्यासारखे होईल. म्हणजे सेवा सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी हवी. त्या वेळी सरकारी कचेरीला कुलूप असते. उघडे काय असते? देवस्थानाचे अन्नछत्र, रक्तदान शिबिर, गावचे वाचनालय, वृद्धाश्रम. जिला आपण बिगरसरकारी भागीदारी म्हणतो ती मला इथे हवी आहे. तिचा गाभा औदार्य नाही, वेळापत्रक आहे.

अर्थात संस्थांनाही फुकटचा मजूर म्हणून माणूस मिळू नये. सुताराला वाचनालयाची कपाटे दुरुस्त करायला द्या, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला वृद्धाश्रमातल्या आजोबांना व्हिडिओ कॉल शिकवायला बसवा. माणूस आला नाही तर संस्थेने पंच होऊ नये. परिविक्षा अधिकाऱ्याला कळवावे, पुढचे न्यायालय पाहील. शिक्षा पुरी झाल्यावर त्याला तिथेच पगारी काम मिळाले तर उत्तम, पण तसे कलम संस्थेशी होणाऱ्या करारात घालू नका. आशा दाखवून तास वाढवून घेणारे महाभाग आपल्यातही आहेत.

तालुका विधी सेवा समितीकडे अशा संस्थांची यादी असावी, म्हणजे निकाल देताना न्यायदंडाधिकाऱ्यांना जागा शोधत बसावे लागणार नाही. दुपारच्या सत्रात करारनाम्याच्या मसुद्यावर चर्चा आहे. पहिले कलम संस्थेच्या नकाराच्या हक्काचे ठेवा, दुसरे दोषी माणसाचे फोटो न काढण्याचे. तासांवरून भांडण होणारच आहे, ते जेवणानंतर करू.