एका दात्याची गोष्ट



संयोजक म्हणाले, ‘शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू तुझ्या मोटारसायकलबद्दल बोल.’ पण माझ्या मोटारसायकलची ही गोष्टसुद्धा शाळेच्या मैदानावरच सुरू होते. दहावीत कबड्डी खेळताना माझा डावा घोटा मोडला. मला उचलून दवाखान्यात नेणारे तिघं आज समोरच बसलेत. हाड जुळलं, पण वय वाढलं तसा घोटा आखडत गेला. पाऊल खाली दाबता येतं, चवडा वर उचलायला मात्र त्रास होतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरकडे उतरत होतो. एका अवघड वळणावर दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात यायचं होतं. चवडा लिव्हरवर नीट चढलाच नाही. लिव्हर अर्धवट दाबला गेला आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मधे असतो तो न्यूट्रल पडला. इंजिनाची ओढ सुटली, गाडी उतारावर मोकळी धावली. ब्रेकनं वाचवलं. बायको मागे बसली होती, तेव्हा काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, ‘विकून टाकायची का आता?’ माझ्याही मनात तेच होतं.

विकण्याआधी गाडी एकदा तपासून घ्यावी म्हणून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीनं गिअरबॉक्सला हातही लावला नाही. म्हणाला, ‘काका, प्रवासात घालता ते बूट घालून या आणि गाडीवर बसा.’ बसलो. पाय फूटरेस्टवर ठेवला, तर लिव्हरचं पुढचं टोक माझ्या चवड्यापेक्षा बरंच वर! त्यात जाड बुटानं घोटा आणखी जखडलेला.

माझ्या गाडीचा लिव्हर टाच-चवड्याचा, अखंड आहे. चवड्यानं पुढे दाबलं की खालचा गिअर, टाचेनं मागे दाबलं की वरचा. तो बारीक दाते असलेल्या दांड्यावर बसतो आणि एका बोल्टनं आवळलेला असतो. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. मग लिव्हर ओढून काढायचा आणि दाते बदलून परत बसवायचा. काढण्याआधी जुन्या जागेवर खडूची खूण करायची.

मिस्त्रीनं आधी दोन दाते खाली घेतला. चवडा आरामात चढला, पण अखंड लिव्हर म्हणजे सीसॉच. पुढचं टोक खाली गेलं तसं मागचं वर आलं. टाच ठेवायला गुडघा उचलावा लागू लागला. मग एक दाता परत वर. तिथे दोन्ही जमलं.

जानेवारीत आपल्या तुकडीतले पाच जण गाड्या घेऊन गोव्याला निघणार आहेत. त्यांना माझी विनंती: हे काम निघायच्या सकाळी करू नका, आठवडाभर आधी करा. काही गाड्यांना दात्यांऐवजी जोडदांडी असते. तिच्या टोकांच्या चेकनट सैल करून तिची लांबी बदलता येते. काहीही बदललंत तरी लिव्हर फूटरेस्टला किंवा इंजिनाला टेकत नाही ना, सगळे गिअर पूर्ण पडतात ना, हे गाडी उभी असतानाच पाहा. बोल्ट नीट आवळा. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर फेरी मारा. घाट त्यानंतर.

महिनाभर मी एकटाच चालवत होतो. खात्री पटल्यावर बायकोला म्हटलं, चल. तिनं आधी विचारलं, ‘न्यूट्रल नाही ना पडणार?’ आंबेनळी पुन्हा उतरलो, एकदाही पडला नाही.

एक दिवस असा येईल, की दाते बदलूनही पाय पोचणार नाही. त्या दिवशी किल्ली मुलाच्या हातात देईन. पण तो दिवस गेल्या हिवाळ्यातच आला, असं मी धरून चाललो होतो, आणि फरक होता फक्त एका दात्याचा.