लिस्बन नगरी कशी पाहावी?
(फातिमाच्या यात्रेस निघणाऱ्या मंडळींपुढें दिलेलें भाषण)



आपल्यापैकीं कांहीं मंडळी या ज्युबिली वर्षांत फातिमाच्या यात्रेस निघत आहेत. फातिमा लिस्बनच्या उत्तरेस सुमारें १२० किलोमीटरवर असल्यामुळें यात्रेकरूंस पोर्तुगालच्या या राजधानींत एखादा दिवस सहज मिळतो. त्या एका दिवसांत काय पाहावें व कसें पाहावें, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम नदीकांठच्या बेलेम भागांत जावें. तेथील जेरोनिमो मठाचें बांधकाम राजा मनुएल पहिला याच्या कारकीर्दींत, सोळाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झालें. दगडांतील कोरीव काम पाहून मन थक्क होतें. देवळांत शिरतांच वास्को द गामा व कवि कामोइंश यांच्या समाधी दिसतात. १४९८ सालीं कालिकतच्या किनाऱ्यास लागलेला तो हाच वास्को द गामा. मठाचा खर्च बव्हंशीं मसाल्याच्या व्यापारावरील करांतून निघाला. तेव्हां त्या वैभवांत मलबारच्या मिऱ्यांचाही वाटा आहे, हें ध्यानीं असावें.

नंतर आल्फामाच्या चढणीस लागावें. ११४७ सालीं मूर लोकांकडून शहर घेतल्यावर बांधावयास घेतलेलें कॅथेड्रल तेथें आहे. त्याच्या शेजारींच संत आंतोन यांचें देऊळ आहे. ज्यांस आपण पादुआचे संत म्हणतों, ते मूळचे लिस्बनचे. त्यांचा जन्म याच जागीं झाला अशी परंपरा आहे.

परंतु हें नगरीचें अर्धेंच दर्शन होय. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं, देवळें उपासकांनीं भरलेलीं असतां भयंकर भूकंप झाला. मागोमाग समुद्राचें पाणी उसळून आलें, आणि लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारों माणसें मेलीं. पुढें पोंबाल या मंत्र्यानें सरळ रस्त्यांची नवी पेठ वसविली व घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घालविला, हेतु हा कीं, धक्का बसतां घर डोलावें पण कोसळूं नये. आज प्रवासी जेथें खरेदी करतात तो बायशा भाग हाच.

त्या पेठेच्या वरच्या अंगास कार्मोचा मठ आहे. तो १३८९ सालीं सेनापति नुनो आल्वारेस परेरा यांनीं स्थापिला. पुढें शस्त्र ठेवून ते त्याच मठांत साधे बंधु होऊन राहिले; २००९ सालीं त्यांस संतपद मिळालें. भूकंपांत देवळाचें छप्पर गेलें, तें पुन्हां पुरें झालें नाहीं. कमानी उभ्या आहेत आणि वर मोकळें आकाश आहे. वसईच्या किल्ल्यांतील बिनछपराचीं देवळें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस तेथें परकें वाटणार नाहीं.

तेथून जवळच सांव दोमिंगोसचें देऊळ आहे. १९५९ सालच्या आगींत तडकलेले त्याचे खांब दुरुस्तीनंतरही तसेच ठेविले आहेत. पण याहून खोल जखम १५०६ सालची. त्या एप्रिलांत याच देवळांतून उठलेल्या जमावानें, बळजबरीनें बाप्तिस्मा दिलेल्या यहुदी कुळांतील शेकडों स्त्रीपुरुषांस ठार केलें. चिथावणी देणाऱ्यांत दोघे मठवासी होते. राजानें त्यांस देहांत शिक्षा दिली. २००८ सालीं मृतांचें स्मारक समोरच्या चौकांत उभारण्यांत आलें.

धर्मगुरु असून आम्ही ही गोष्ट यात्रेकरूंपुढें कां काढतों, असें कोणी विचारील. बेलेमचा मठ ज्या धर्माच्या लोकांनीं बांधिला, त्यांच्याच हातून हेंही घडलें. आपल्या घराण्याचा मोठेपणा सांगावयाचा आणि अपराध झांकावयाचा, ही प्रामाणिक संतति नव्हे. यात्रेकरूनें दोन्ही पाहावें.

म्हणून दिवस अपुरा पडला तर दुकानें सोडावीं, छायाचित्रें कमी घ्यावीं. पण त्या स्मारकापुढें क्षणभर उभें राहून मृतांसाठीं प्रार्थना करावी व मग फातिमाची वाट धरावी. परत आल्यावर येथें राहिलेल्या मंडळींस सारें सांगावें, वैभवाचें तसेंच दुःखाचेंही. आपला प्रवास सुखरूप होवो, अशी प्रभूजवळ प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.