दुकान मांडायचं, पण कोणत्या बाजारात?

आठवडी बाजारात जागा धरायची तर माणूस आधी चार चकरा मारतो. सावली कुठे आहे, एसटीतून उतरलेली गर्दी कोणत्या बाजूने शिरते, शेजारी कोण बसतं, पावती कितीची फाडतात, हे सगळं बघून मगच पथारी टाकतो. इंटरनेटवरच्या बाजारात मात्र आपण 'पाच मिनिटांत दुकान उघडा' अशी जाहिरात वाचून डोळे मिटून शिरतो. दुकान पाच मिनिटांत उघडतंही. पण ते चालवायचं असतं वर्षानुवर्षं. म्हणून लहान विक्रेत्याने या बाजारांची निवड कशी करावी, याबद्दल आज चार गोष्टी सांगणार आहे.

मी गोधड्या विकते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही सात जणी मिळून हे काम करतो. कापड जमवणं, थर लावणं, हाताने धावदोरा घालणं ही कामं वाटून घेतलेली आहेत. हिशेब आणि इंटरनेटवरची विक्री माझ्याकडे. त्यामुळे मी बोलेन ते गोधडीच्या उदाहरणाने. तुम्ही मातीची भांडी, मेणबत्त्या, बांबूच्या वस्तू किंवा लोणची-मसाले विकत असाल, तर गोधडीच्या जागी तुमची वस्तू ठेवा. हिशेबाची रीत बदलत नाही.

पहिला प्रश्न असा, की या बाजारात गिऱ्हाईक कशासाठी येतं? सगळे ऑनलाइन बाजार वरून सारखे दिसतात, पण तिथे येणारी माणसं सारखी नसतात. अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर येणारा माणूस बहुधा वस्तूचं नाव टाइप करतो, चार किमती ताडून बघतो आणि लवकर मिळेल ती घेतो. मीशोवरचं गिऱ्हाईक स्वस्ताईच्या शोधात असतं. एट्सी हा २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झालेला बाजार. हाताने केलेल्या आणि जुन्या वस्तूंसाठी तो ओळखला जातो. तिथे येणारा माणूस 'ही कोणी केली, कशी केली' हे वाचतो. हाताची गोधडी यंत्रावर शिवलेल्या रजईशेजारी मांडली, की फोटोत दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात आणि किमतीत मात्र आपण हरतो. कोल्हापुरी चपलेचंही तेच होतं. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण स्क्रीनवर अस्सल चामड्याची आणि रेक्झिनची चप्पल एकाच रांगेत उभी राहते. म्हणून आधी आपली वस्तू त्या साइटवर स्वतः गिऱ्हाईक होऊन शोधा. पहिल्या दोन पानांवर कोण दिसतं आणि कोणत्या भावाने, ते लिहून काढा. आपला भाव त्या रांगेत बसत नसेल, तर तो बाजार आपला नाही.

दुसरा प्रश्न पट्टीचा. शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माल मार्केट यार्डात गेला, की हमाली, तोलाई वजा होऊन हातात पट्टी येते आणि भाव कितीही फुटला तरी खरी कमाई त्या पट्टीच्या शेवटच्या ओळीत असते. ऑनलाइन बाजाराचीही अशीच पट्टी असते, फक्त नावं वेगळी. कमिशन, ठरावीक शुल्क, कुरिअरचा आकार आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. ज्या विक्रेत्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला हा कर परत मिळत नाही.

समजा, बाळाच्या गोधडीची किंमत १,२०० रुपये ठेवली. कमिशन १२ टक्के धरलं तर १४४ रुपये, ठरावीक शुल्क ३०, कुरिअर ९०. झाले २६४. त्यावर जीएसटी ४८. म्हणजे ३१२ रुपये गेले आणि ८८८ हातात आले. त्यातून कापड-दोऱ्याचे २५०, शिवणाऱ्या बाईचे ५०० आणि पॅकिंगचे ३० वजा करा. उरले १०८ रुपये. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येक साइटचे दर वेगळे असतात, वस्तूच्या प्रकारानुसार बदलतात आणि वरचेवर बदलतात. अ‍ॅमेझॉनने २०२५ साली ३०० रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरचं कमिशन काढून टाकलं होतं. पण कमिशन शून्य झालं तरी पट्टी शून्य होत नाही. कुरिअर आणि इतर आकार राहतातच. म्हणून जाहिरातीतला आकडा न बघता शेवटची ओळ बघा.

कुरिअरच्या बाबतीत एक बारकावा आहे. वस्तू हलकी पण फुगीर असेल, तर वजनकाट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला बहुधा ५,००० ने भागतात. येईल ते किलो. आमच्या मोठ्या गोधडीचं खोकं ५० बाय ४० बाय १५ होतं. गुणाकार ३०,०००, म्हणजे सहा किलो. गोधडी मात्र दोन किलोची. आता आम्ही ती घट्ट गुंडाळून, दोरीने आवळून, पिशवीत भरतो.

तिसरी गोष्ट परत येणाऱ्या मालाची. आरटीओ म्हटलं की आपल्याला गाडीचं लायसन्स आठवतं. या धंद्यात आरटीओ म्हणजे गिऱ्हाइकाने घेतलंच नाही म्हणून वाटेतूनच परत आलेलं पार्सल. 'घरी आल्यावर पैसे द्या' या पद्धतीत हे जास्त घडतं. गिऱ्हाइकाचा दोन दिवसांत विचार बदलतो, दारात आलेल्या माणसाला तो नको म्हणतो आणि मोकळा होतो. बऱ्याच ठिकाणी जाण्या-येण्याचं भाडं विक्रेत्याच्या माथी बसतं. मघाचाच हिशेब पुढे नेऊ. एक गोधडी परत आली तर दोन्ही वेळचं भाडं करासह २१२ रुपये आणि वाया गेलेलं पॅकिंग ३०, असे २४२ गेले. दहा पाठवल्या आणि दहाही राहिल्या तर १,०८० रुपये उरतात. एक परत आली तर ७३०. दोन आल्या तर ३८०. तीन आल्या तर दहा गोधड्यांमागे फक्त ३० रुपये. आणि चार परत आल्या, की पदरचे ३२० जातात. हा हिशेब परत आलेली गोधडी स्वच्छ आहे, असं धरून केला आहे. मळून आली तर कापड आणि मजुरीही बुडाली. म्हणून साइट निवडताना विचारा, की रोखीची ऑर्डर बंद ठेवता येते का, परतीचे नियम कोण ठरवतं आणि खराब होऊन आलेल्या वस्तूची भरपाई कशी मागायची.

चौथी गोष्ट सवलतीची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एका दिवाळीआधी एका मोठ्या साइटच्या प्रतिनिधीचा फोन आला. पंचवीस टक्के सवलत द्या, तुमची गोधडी सेलच्या पानावर वर दिसेल, असं त्यांचं म्हणणं. मी ओट्यावर सगळ्या जणींसमोर हिशेब मांडला. किंमत ९०० झाली की बाजाराचा वाटा २६९, हातात ६३१, खर्च ७८०. प्रत्येक गोधडीमागे १४९ रुपयांचा खड्डा. आमच्यातल्या सगळ्यांत वडील मावशींनी विचारलं, "ताई, हे कमी केलेले तीनशे कोणाच्या वाट्याचे गं?" खरंच, कोणाच्या? कापडवाला भाव कमी करत नाही. कुरिअरवाला करत नाही. साइटचं कमिशन टक्क्याने थोडं उतरतं, इतकंच. कमी होऊ शकते ती फक्त मजुरी, कारण तिच्यासाठी भांडायला कोणी दारात येत नाही. आम्ही सवलत दिली नाही. गोधडी पानावर खाली गेली आणि त्या दिवाळीत ऑर्डरी कमी आल्या, हेही सांगायला हवं. दोन जणींना त्या महिन्यात शेतमजुरीला जावं लागलं. पण जेवढ्या ऑर्डरी आल्या, तेवढ्यांत मजुरी पुरी मिळाली. लहान विक्रेत्याने बाजारात उतरण्याआधीच मजुरीचा आकडा ठरवून ठेवावा आणि त्याखाली जायचं नाही असं म्हणावं. सेलच्या गडबडीत तो ठरत नाही.

आता कायद्याचं बघू. पूर्वी ऑनलाइन बाजारात वस्तू विकायची तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी घ्यावीच लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सूट मिळाली. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे. तिच्या आत असाल तर नोंदणीशिवाय, पॅनच्या आधारे फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. अट एवढीच, की माल राज्याबाहेर विकायचा नाही. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पुरत असेल तर ही सोय चांगली. बेंगळुरू-दिल्लीला माल पाठवायचा असेल तर नोंदणी करा. नोंदणी केलेल्यांच्या पैशांतून साइट अर्धा टक्का टीसीएस कापून ठेवते. पूर्वी तो एक टक्का होता, १० जुलै २०२४ पासून कमी झाला. हा पैसा आपलाच असतो, विवरणपत्र भरून तो पदरात पाडून घ्यायचा. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना याशिवाय एफएसएसएआयचा क्रमांक लागतो.

परदेशात विकायचं असेल तर हिशेब निराळा. एट्सीवर एक वस्तू चार महिने मांडायला २० सेंट पडतात, विक्रीवर साडेसहा टक्के जातात आणि त्यात पाठवणीचे पैसेही धरले जातात. पैसे वळते करण्याचा आकार वेगळा. शिवाय त्यांनी बाहेर केलेल्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आलं तर लहान दुकानाकडून आणखी १५ टक्के घेतात. वर्षाला १०,००० डॉलरच्या आत विक्री असेल तर ही जाहिरात बंद ठेवता येते. पार्सलसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथे कागदपत्रांचं काम होतं. मात्र परदेशचा बाजार परदेशाच्या निर्णयावर हलतो, हे २०२५ साली आपण पाहिलं. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून काढून टाकली. आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सलसेवा थांबवावी लागली आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात फक्त अमेरिकेवर अवलंबून असलेल्यांचा माल घरात पडून राहिला.

यावरून शेवटचा प्रश्न येतो, की गिऱ्हाईक कोणाचं? साइटवर वस्तू आपली असते, पण गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन साइटच्या हातात असतो. बाझी डॉट कॉम ही मुंबईची साइट २००४ साली ईबेने विकत घेतली. २०१७ साली ईबेचा भारतातला कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबे डॉट इन बंद झाली. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं चांगले शेरे मिळवले होते, त्यांना दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्याच महिन्यात जर्मनीतली डावांडा ही हस्तकलेची साइटही मिटली. एट्सीचं कमिशन २०१८ साली साडेतीनवरून पाच आणि २०२२ साली साडेसहा टक्के झालं. तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली, तरी दर तोच राहिला. जागामालक जसा भाडं वाढवतो, तसाच हा प्रकार आहे.

सरकारच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीस ओएनडीसी नावाचं जाळं उभं राहिलं. ते स्वतः दुकान नाही. विक्रेता एका अ‍ॅपवर आणि गिऱ्हाईक दुसऱ्या अ‍ॅपवर असलं तरी व्यवहार व्हावा, अशी ती रचना आहे. तिथे जाताना ज्या अ‍ॅपमधून आपण शिरतो, त्याची पट्टी आधी मागून बघावी.

मग करायचं काय? एका वेळी एकच बाजार घ्या. पाच-सहा वस्तूच मांडा. तीन महिने वेगळी वही घाला आणि त्यात विक्री, कपात, परत आलेला माल आणि पैसे खात्यात जमा झाल्याची तारीख या चार गोष्टी लिहा. पैसे उशिरा येत असतील तर कापडाला भांडवल जास्त लागेल, हेही त्या वहीत दिसेल. फोटो आणि वस्तूंची माहिती स्वतःकडे जपून ठेवा, म्हणजे उद्या बाजार बदलला तरी पुन्हा कष्ट नकोत. आणि महालक्ष्मी सरस किंवा भीमथडीसारख्या प्रदर्शनात समोर उभं राहून घेणारं गिऱ्हाईक सोडू नका. आमच्याकडे त्यांच्या नावांची वेगळी वही आहे. वर्षातून दोनदा, त्यांनी होकार दिला असेल तर, आम्ही त्यांना नव्या गोधड्यांचे फोटो पाठवतो. त्या विक्रीला ना कमिशन, ना सेल. यंदा आमच्या साधारण तिसरा हिस्सा गोधड्या त्या वहीतूनच गेल्या.