मायनर अकाउंट आणि मोबाईल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



कमिटीने मला विषय दिला, ‘मुलांच्या हाती मोबाईल : कधी द्यावा?’ मी म्हटलं, अहो, मी बँकेतला माणूस. छत्तीस वर्षं लेजर, व्हाउचर आणि डे-बुक यात गेली. बालमानसशास्त्र हा काही माझा प्रांत नाही. तर सेक्रेटरी म्हणाले, “काका, तुम्ही तुमच्या पद्धतीनं बोला.” आता बँकवाल्याची पद्धत म्हणजे आधी स्वतःच्या शाखेतली गडबड सांगायची. तर ती सांगतो. नातवाची परवानगी घेऊन सांगतोय. तो यंदा दहावीला आहे. त्याच्या अटी दोनच. नाव घ्यायचं नाही, “आणि आजोबा, तुमचा भागसुद्धा सांगायचा.”

आमच्या घरात सूनबाईंचा नियम होता : आठवीपर्यंत मुलाच्या हातात मोबाईल नाही. नियम नीट चालला होता. मग २०२० चा मार्च आला. जूनमध्ये शाळा सुरू झाली ती मोबाईलवरच. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही घरून काम करणारे, त्यांचे फोन आणि लॅपटॉप मीटिंगमध्ये अडकलेले. मोकळा फोन एकच, तो माझा. त्यामुळे पाचवीचा वर्ग माझ्या फोनवर भरू लागला. इथपर्यंत कुणाचीच चूक नाही.

वर्ग बाराला सुटायचा, पण फोन परत यायचा नाही. “आजोबा, पाचच मिनिटं.” मी देत गेलो. खरं सांगायचं तर दोन कारणांसाठी. एक म्हणजे प्रेम, आणि दुसरं म्हणजे माझी दुपारची झोप. दोन ते चार घर शांत. फोन देताना मी हळूच म्हणायचो, “आईला सांगू नकोस हं.”

त्यात एक खेळ होता, बंदुका वगैरे घेऊन पळायचं. सुरुवातीला त्यानं जन्मतारीख विचारली, ती मीच भरली, आणि माझीच भरली. म्हणजे त्या कंपनीच्या दप्तरी सत्तर वर्षांचा एक म्हातारा रोज दुपारी दोन तास गोळीबार करत होता!

फेब्रुवारी २०२१ मध्ये बऱ्याच महिन्यांनी पासबुक भरून घ्यायला बँकेत गेलो. छापून आलं आणि मी बघतच राहिलो. कुठे ८९, कुठे १५९, कुठे ४४९. अडीच महिन्यांत एकूण चौदा हजार दोनशे साठ रुपये गेले होते. मी काउंटरवरच्या त्या तरुण मुलाला दहा मिनिटं फैलावर घेतलं. मी कोण, किती वर्षं नोकरी केली, सगळं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, सगळे व्यवहार तुमच्याच फोनवरून झालेत. पिनही बरोबर आहे.”

पिन काय होता, सांगू? नातवाची जन्मतारीख आणि महिना. ‘जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवू नका’ असं गिऱ्हाइकांना बजावणारा मीच.

घरी आलो. पैसे गेल्याचे मेसेज त्यानं पुसून टाकले होते. जवळ बसवून विचारलं, तर आधी नाही म्हणाला, मग रडायला लागला. आणि रडता रडता जे बोलला ते अजून माझ्या कानात आहे. “तुम्हीच म्हणाला होतात ना, आईला सांगू नको. म्हणून मी कुणालाच नाही सांगितलं.”

मंडळी, चौदा हजारांचं मला तेवढं वाटलं नाही. पण लपवायला त्याला गेमनं शिकवलं नव्हतं, मी शिकवलं होतं. सूनबाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, “बाबा, माझा नियम चुकत असेल तर मला सांगायचं होतं. मागच्या दारानं कशाला?” पुढे दोन दिवस आमचं बोलणं ‘चहा ठेवू का’ एवढंच.

त्या दोन दिवसांत मी बराच विचार केला. बँकेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, त्या दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याला दार उघडत नाही. आमच्या घरात मात्र एक किल्ली घेऊन मी रोज दुपारी दार उघडून देत होतो. त्यामुळे ‘मोबाईल उशिरा द्यावा की लवकर देऊन शिकवावं’ हा वाद आमच्याकडे मुळातच खोटा होता. सूनबाईंचं ‘उशिरा’ मी पाळलं नाही, आणि शिकवलं म्हणावं तर तेही नाही. मी नुसता फोन दिला आणि झोपलो. आज इथं बसलेल्या किती आजी-आजोबांची हीच कथा आहे, हात वर करायला सांगत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत मायनरला ‘अज्ञान’ म्हणतात. शब्द जरा कडक आहे, पण त्याच्या शेजारी पालनकर्त्याचं नाव लागतंच लागतं. बँकेतही मायनरचं खातं आधी पालकाच्या सहीनं चालतं. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये मुभा दिली, पण किती रकमेपर्यंत ते बँकेनं ठरवायचं आणि शिल्लक शून्याखाली जाऊ द्यायची नाही. अठरा पूर्ण झाले की नव्यानं सही घेऊन खातं त्याच्या एकट्याच्या ताब्यात. म्हणजे दहाव्या वर्षी तिजोरी दिली नाही आणि अठरापर्यंत दाराबाहेरही ठेवलं नाही. मला मोबाईलच्या बाबतीत हीच पद्धत पटते.

आम्ही तेच केलं. आधी नातवाचं खातं उघडलं, हजार रुपये भरून. वाढदिवसाच्या पैशांतून त्यानं माझे तीन हजार फेडले. उरलेले मी राइट ऑफ केले. बँकेत राइट ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे, वसुलीचा हक्क राहतो, हे मी त्याला समजावून सांगितलं आहे. आठवीत साधा बटणांचा फोन दिला, नववीत स्मार्टफोन. बँकेत नव्या ऑफिसरला जसं पासिंग पॉवर थोडं थोडं वाढवून देतात तसं. रात्री साडेनऊला घरातले सगळे फोन हॉलमधल्या शोकेसवर. सगळे म्हणजे माझाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टेटमेंट : कुणाचा फोन रोज किती तास चालला, हे एकत्र बसून बघायचं. पहिल्याच महिन्यात सगळ्यात जास्त माझा निघाला, पाच तास दहा मिनिटं. तुम्हा सर्वांना येणारे सुप्रभातचे मेसेज कुठून येतात, ते आता कळलं असेल.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. नववीत एकदा रात्री एक वाजता पांघरुणाखाली उजेड दिसला. महिनाभर पासिंग पॉवर काढून घेतलं. धुसफूस झाली. पण या वेळी त्यानं स्वतःच आईला जाऊन सांगितलं, मी सांगण्याआधी.

काही जण म्हणतील, त्यापेक्षा नकोच ती भानगड, शिक्षण संपेपर्यंत फोन नाही. त्यांना माझा अनुभव सांगतो. ऐंशीच्या दशकात बँकांत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर युनियननं विरोध केला. मीही मोर्चात घोषणा देत चाललो आहे. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. मग लेजर पोस्टिंगची मशिन आली, पुढे सगळं ऑनलाइन झालं. आमच्यातले जे कुणाच्या तरी शेजारी बसून हळूहळू शिकले ते निभावले. जे शेवटपर्यंत मशिनजवळ फिरकलेच नाहीत, त्यातल्या काहींनी २००० साली स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा सुटकेचा श्वास सोडला. हुशार माणसं होती हो, सुंदर अक्षराची. म्हणून मी ‘कधीच नको’वाला नाही. पण शिकायला शेजारी कुणी बसलेलं हवं. बाजूला बसायला वेळ नसेल, तर फोन उशिराच द्या. मला विचाराल तर सातवीपर्यंत स्वतःचा फोन नकोच. शाळेचा ग्रुप, क्लासचा गृहपाठ आईबापांच्या फोनवर बघता येतो.

कायदेही होत आहेत. ऑस्ट्रेलियानं २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तिथं सोळा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. दंड कंपन्यांना, मुलांना किंवा आईबापांना नाही. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घ्यायची तरतूद आहे. चांगलंच आहे. पण जन्मतारखेच्या रकान्यात स्वतःची तारीख टाकून मोकळा होणारा आजोबा घरात असेल, तर कायदा काय करणार?

माझी तीन वर्षं विट्याच्या शाखेत गेली. तिथून जवळच, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. त्या गावानं २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलत बसायचं. मला त्यातलं आवडलं ते हे की भोंगा सगळ्या गावासाठी वाजतो. “सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही?” हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि एकट्या घराकडे त्याला उत्तर नसतं. आपल्याकडे चौसष्ट फ्लॅट आहेत. पाचवी ते सातवीतली मुलं चौदा. या चौदा घरांनी मिळून ठरवलं की सातवीपर्यंत फोन नाही, तर ते वाक्यच निकामी होईल. गेल्या आठवड्यात मी घरोघरी जाऊन बोललो. सहा घरं तयार आहेत, तिघांनी विचार करून सांगतो म्हटलं आहे. एका वहिनींनी सरळ नाही म्हटलं. त्या दोघांच्याही नोकरीच्या वेळा अशा आहेत की मुलगी घरी पोचली हे कळायला फोन लागतो. त्यांचं बरोबर आहे. तिला साधा फोन चालेल असं मला वाटतं, पण तो त्यांचा निर्णय.

शेवटी आणखी एक कबुली. लिफ्टशेजारच्या बोर्डवर एक पिवळी पडलेली नोटीस आहे : ‘आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई. आज्ञेवरून.’ २०११ ची आहे. तेव्हा मी खजिनदार होतो, एका गाडीची काच फुटली होती आणि खाली सही माझीच आहे. मुलं मोबाईल सोडत नाहीत म्हणून आपण चौदा वर्षं ओरडतोय, आणि चौदा वर्षं ती नोटीस तिथंच आहे. याच वर्षी ती माझ्या लक्षात आली, तीही नातवानं दाखवली म्हणून.

कमिटीशी बोललो आहे. संध्याकाळी पाच ते सात, मागच्या पार्किंगची जागा मुलांसाठी. त्या वेळात तिथं गाडी लावणाऱ्या चार सभासदांनी ती पुढे लावायचं कबूल केलं आहे, त्यांचे मनापासून आभार. चेंडू टेनिसचाच वापरायचा. उद्या सकाळी नोटीस मी स्वतः काढतो. काच फुटलीच तर आधी माझ्याकडे या. पैसे मी देईन, आणि या वेळी रीतसर व्हाउचर करून.